वसई-विरारला राहायला येताय? आधी स्टेशन, मग पाणी, मग कागद

वसई-विरार हे नाव महापालिकेच्या पाटीवर एक आहे, जमिनीवर मात्र ते एक शहर नाही. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आजूबाजूच्या ग्रामपंचायती एकत्र करून 3 जुलै 2009 रोजी ही महापालिका झाली. चारही ठिकाणच्या बाजारपेठा, रस्ते आणि सवयी वेगळ्या होत्या, आजही आहेत. पश्चिमेला समुद्र आणि केळी-भाजीच्या वाड्या, पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा नदी, आणि मधून उभी गेलेली रेल्वे. 2011 च्या जनगणनेत इथे 12,22,390 माणसं मोजली गेली, आणि त्यानंतरही वस्ती वाढतच राहिली आहे.

नवा माणूस बहुतेक वेळा चौरस फुटाचा भाव बघून येतो आणि बाकीचं नंतर बघू म्हणतो. इथे तो क्रम महागात पडतो. आधी स्टेशन ठरवा, मग पूर्व की पश्चिम, मग जागा किती सखल आहे ते, मग नळाचं पाणी, मग कागद. भाव सगळ्यात शेवटी.

स्टेशन ठरवणं म्हणजे दिवस ठरवणं

चर्चगेटपासून नायगाव सुमारे 48 किलोमीटर, वसई रोड 52, नालासोपारा 56 आणि विरार 60. आकड्यांत फरक थोडा दिसतो, पण सकाळी गाडीत पाय ठेवायला जागा मिळते की नाही हे याच चार स्टेशनांवर ठरतं. विरारला गाडी सुटते, म्हणून तिथे थोडं आधी पोचलात तर बसायला मिळू शकतं. वसई आणि नालासोपाऱ्याहूनही काही लोकल सुटतात. त्यांच्या वेळा पाठ करा, कारण विरारहून भरून आलेल्या गाडीत चढणं नव्या माणसाला जमत नाही आणि दारात लटकून जमवूही नये.

नालासोपारा-वसईचे बरेच नोकरदार सकाळी उलटे विरारला जातात आणि तीच गाडी परत फिरली की बसून मुंबईला येतात. याला इथे ‘रिटर्न’ म्हणतात. तुम्हालाही तसं करायचं असेल तर पास विरारचाच काढा. नालासोपाऱ्याच्या पासावर विरारपर्यंत गेलात तर तो विनातिकीट प्रवास ठरतो आणि दंड भरावा लागतो. दोन्ही पासांतला फरक दंडाच्या मानाने किरकोळ असतो.

संध्याकाळी येताना एक गोष्ट लक्षात ठेवा, आणि मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांनाही सांगून ठेवा. अंधेरी किंवा बोरिवलीला उतरायचं असेल तर गर्दीच्या वेळी विरार फास्टमध्ये चढू नये. आतली गर्दी विरारपर्यंतची असते, वाट मिळत नाही आणि वाद होतात. नायगावला राहणाऱ्यांनी इंडिकेटर नीट वाचावा, कारण काही फास्ट लोकल तिथे थांबत नाहीत.

नोकरी मुंबईत नसेल तर हिशेब बदलतो. वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यात छोट्या कारखान्यांचे हजारो गाळे आहेत. तिथे काम असेल तर वसई पूर्व किंवा नालासोपारा पूर्व सोयीचं. ठाणे, भिवंडी, डोंबिवलीकडे जायचं असेल तर वसई रोडवरून जूचंद्र, कामण रोड, खारबाव, भिवंडी रोड, कोपर असं करत दिव्याला जाणारी गाडी आहे. पण तिच्या फेऱ्या मोजक्याच असतात, म्हणून वेळापत्रक हातात घेऊनच घर ठरवा. रस्त्याने ठाण्याला जायचं तर घोडबंदरचा गायमुख घाट आणि वर्सोव्याचा पूल आडवा येतो. वर्सोव्याला 2023 मध्ये नवा पूल सुरू झाला, तरी महामार्गावर एखादा कंटेनर बंद पडला की तासभर सहज जातो. रोज गाडी घेऊन जायचा विचार असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी आठ वाजता, एकदा प्रत्यक्ष जाऊन बघा. रविवारच्या दुपारी ‘पाऊण तासात पोचलो’ म्हणणाऱ्या दलालावर विसंबून राहू नका.

कोकणातल्या माणसांसाठी वसई रोडचा एक मोठा फायदा आहे. गुजरातकडून पनवेलमार्गे कोकणात आणि केरळात जाणाऱ्या गाड्या इथून जातात, आणि ऑगस्ट 2024 पासून वांद्रे टर्मिनस ते मडगाव ही आठवड्यातून दोनदा धावणारी गाडीही वसईमार्गे आहे. गणपतीला दादर किंवा ठाणे गाठायची गरज दर वेळी पडत नाही. डहाणू, पालघर, बोईसरला नोकरी असेल तर विरार घ्या. 2013 पासून लोकल डहाणू रोडपर्यंत जाते, पण विरारच्या पुढे फेऱ्या विरळ होतात.

भाईंदर पश्चिम ते वसई किल्ल्याजवळची जेट्टी अशी रो-रो बोट फेब्रुवारी 2024 पासून सुरू झाली आहे. दुचाकी-चारचाकी बोटीत चढवता येते आणि महामार्गाचा मोठा वळसा वाचतो. वसई गावात राहणाऱ्याला ती खरी उपयोगाची. ओहोटीच्या वेळी फेऱ्यांवर परिणाम होतो, म्हणून त्या दिवशीच्या वेळा आदल्या रात्री बघून निघावं.

पूर्व आणि पश्चिम

पत्ता सांगताना ‘वसई’ म्हणून थांबू नका. वसई रोड स्टेशनबाहेरचा पश्चिमेचा भाग म्हणजे नवघर-माणिकपूर, अंबाडी रोड. खरं वसई गाव तिथून चार-पाच किलोमीटर पश्चिमेला आहे. तहसील कार्यालय, न्यायालय आणि किल्ला तिकडे. तहसीलदारांकडे काम आहे म्हणून स्टेशनबाहेर शोधत फिरणारे नवे लोक रोज दिसतात. एव्हरशाइन, वसंत नगरी, गोखिवरे वसई पूर्वेला. नालासोपारा हे नावच नाळा आणि सोपारा या दोन गावांचं मिळून झालेलं, आणि ही दोन्ही गावं पश्चिमेला आहेत. श्रीप्रस्थ, समेळपाडाही पश्चिमेला. तुळिंज, आचोळे, संतोष भुवन, मोरेगाव पूर्वेला. विरारला बोळिंज, आगाशी रोड, ग्लोबल सिटी पश्चिमेला आणि मनवेलपाडा, फुलपाडा, चंदनसार पूर्वेला. नायगावला उमेळे आणि कोळीवाडा पश्चिमेला, जूचंद्र आणि चंद्रपाडा पूर्वेला.

रेल्वे ओलांडायला वाहनांसाठी पूल मोजके आहेत आणि संध्याकाळी तेच तुंबतात. त्यामुळे मुलांची शाळा पूर्वेला आणि घर पश्चिमेला अशी रचना शक्यतो टाळा. रात्री कोणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर पुलावरचा हाच वेळ जीवावर येतो, म्हणून रात्रभर सुरू असलेलं रुग्णालय तुमच्याच बाजूला कुठे आहे ते पहिल्याच आठवड्यात शोधा. पश्चिमेला वसई गावातलं सर डी. एम. पेटिट रुग्णालय आणि सांडोरजवळ बंगली इथलं कार्डिनल ग्रेशियस रुग्णालय, पूर्वेला तुळिंजचं महापालिकेचं रुग्णालय ही जुनी ठिकाणं. रुग्णवाहिकेसाठी 108.

स्टेशनपासून घरापर्यंत शेअर रिक्षा चालतात. रांग कुठे लागते आणि रात्री अकरानंतर रिक्षा किती भाडं घेतात हे घर बघायला जाल त्याच दिवशी विचारा. रात्री शेअर मिळत नाही आणि एकट्याने पूर्ण भाडं द्यावं लागतं. महिन्याकाठी हा खर्च लोकलच्या पासापेक्षा जास्त होऊ शकतो. एसटीचे आगार वसई, नालासोपारा आणि अर्नाळा इथे आहेत आणि महापालिकेची परिवहन सेवाही आहे. गावांकडे जायला बसच स्वस्त पडते.

पावसाचं पाणी कुठे जातं

घर पावसाळ्यात बघा. ते जमत नसेल तर पावसाळ्याच्या खुणा बघा.

वसईची जमीन सपाट आणि समुद्रसपाटीच्या अगदी जवळची. पूर्वेच्या डोंगरावरचं पाणी पश्चिमेकडे उतरतं, वाटेत रेल्वेचा भराव आणि त्याखालच्या ठराविक मोऱ्या, आणि पुढे नायगाव-सोपाऱ्याच्या खाड्या. पूर्वी हे पाणी खाजणात आणि मिठागरांत पसरायचं. त्यांवर भराव पडला, नैसर्गिक नाले अरुंद झाले, आणि भरतीच्या वेळी खाडीच पाणी घेत नाही. मोठी भरती आणि मोठा पाऊस एकाच वेळी आला की शहर तुंबतं. जुलै 2018 मध्ये वसई-नालासोपाऱ्यादरम्यान रुळांवर पाणी चढून गाड्या अडकल्या, मिठागरात राहणाऱ्या माणसांना बोटींनी बाहेर काढावं लागलं, कित्येक वस्त्या काही दिवस पाण्यात आणि अंधारात होत्या. त्यानंतर कारणं शोधायला नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आणि आयआयटी मुंबई यांची सत्यशोधन समिती नेमली गेली.

म्हणून इमारत बघायला गेलात की आधी फ्लॅट बघू नका, तळमजल्यावर पाच मिनिटं थांबा. कुंपणाच्या भिंतीला आतून बघा. पाणी साचून ओसरलं की एका सरळ पातळीवर करडी रेघ राहते, तिच्याखाली प्लास्टर फुगलेलं असतं आणि बोटाने खरवडलं तर पांढरी भुकटी हाताला लागते. भिंतीला नुकताच रंग दिला असेल तर विजेच्या मीटरची पेटी बघा. जुन्या भोकांच्या जागा खाली आणि पेटी आता छातीच्या उंचीवर असेल, किंवा मीटरसाठी नवा चौथरा बांधला असेल, तर त्या सोसायटीने एकदा तरी आत शिरलेलं पाणी सोसलंय. पाण्याच्या पंपाची खोली आणि जमिनीखालच्या टाकीचं झाकणही असंच बघा. झाकण जमिनीच्या पातळीत असेल तर पावसात गटाराचं पाणी पिण्याच्या टाकीत जातं, आणि पुढच्या आठवड्यात सगळी इमारत पोटाने आजारी पडते. किमान दीड-दोन फूट उंच कठडा हवा. मग समोरच्या किराणा दुकानदाराला विचारा, ‘माल कितव्या फळीवर उचलून ठेवता?’ वॉचमन खरं सांगेलच असं नाही, पण दुकानदाराला लपवण्याचं कारण नसतं.

राहायला आल्यावर जून ते सप्टेंबरचं भरतीचं वेळापत्रक फोनमध्ये ठेवा. साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीच्या दिवशी जोरदार पाऊस असेल तर गाडी आदल्या रात्रीच उंच जागी लावा आणि ऑफिसातून लवकर निघा.

नळाचं पाणी

या शहरात घराची खरी किंमत पाण्याने ठरते. महापालिकेचं पाणी सूर्या प्रकल्प, उसगाव आणि पेल्हार या धरणांतून येतं. एमएमआरडीएच्या (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) 403 दशलक्ष लिटरच्या सूर्या पाणीपुरवठा योजनेत वसई-विरारचा वाटा 185 दशलक्ष लिटर रोजचा आहे, उरलेला 218 मीरा-भाईंदरचा. या योजनेचं पाणी वसई-विरारला मिळू लागल्यावर बऱ्याच भागांत परिस्थिती सुधारली, पण धरणातलं पाणी वाढलं म्हणजे तुमच्या सोसायटीच्या टाकीत ते पडलंच असं नाही. मधली जलवाहिनी, टाकी आणि तुमच्या जोडणीचा व्यास या तीन ठिकाणी पाणी अडतं. विरार-बोळिंजला म्हाडाने सुमारे दहा हजार घरांची वसाहत बांधली आणि त्यातली हजारो घरं कैक वर्षं विकली गेली नाहीत. त्यामागे पाण्याची वानवा हे एक मोठं कारण होतं.

सोसायटीच्या सेक्रेटरीला चार गोष्टी विचारा. महापालिकेच्या जोडण्या किती आणि किती इंची? पाणी रोज येतं की दिवसाआड, आणि किती वेळ? मार्च ते मे या तीन महिन्यांत टँकरवर किती खर्च झाला, त्याची बिलं दाखवता का? आणि बोअरवेलचं पाणी नळाच्या पाण्यात मिसळतात का? शेवटचा प्रश्न विसरू नका. खाडीच्या आणि किनाऱ्याच्या बाजूला बोअरचं पाणी खारं असतं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर दोन-अडीचशे रुपयांना मिळतं, ते खिशात ठेवा आणि स्वयंपाकघराच्या नळाखाली पेला धरून मोजा. पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत चांगलं मानतात. दुसरा स्रोतच नसेल तर 2000 ही शेवटची मर्यादा. आकडा हजाराच्या वर गेला तर गिझरची कॉइल आणि नळांच्या चकत्या लवकर जातात, डाळ शिजायला वेळ लागतो, कपडे कडक होतात. बाथरूमच्या टाइलवर आणि नळाच्या तोंडाशी पांढरे थर दिसले तर मीटरशिवायही उत्तर मिळालं.

कागद: घाई केली की आयुष्यभराची कमाई जाते

अनधिकृत इमारती ही इथली सर्वात मोठी जखम आहे, आणि तिचा घाव बसतो तो कष्टाने पैसे साठवून पहिलं घर घेणाऱ्यांना. नालासोपारा पूर्वेला सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जमिनीवर 41 इमारती उभ्या राहिल्या, माणसं वर्षानुवर्षं राहिली, आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2024 च्या अखेरीपासून 2025 च्या सुरुवातीपर्यंत त्या सगळ्या पाडल्या गेल्या. ऑगस्ट 2025 मध्ये विरार पूर्वेला विजयनगरमधली एक अनधिकृत इमारत कोसळून 17 जणांचा जीव गेला. या घरांमध्ये वीज होती, नळ होता, घरपट्टीही भरली जात होती. म्हणून पहिली गोष्ट पक्की करा: घरपट्टीची पावती, वीजबिल, आधारवरचा पत्ता किंवा सोसायटीची नोंदणी यांपैकी कशानेही इमारत अधिकृत ठरत नाही. अनधिकृत बांधकामालाही कर लागतो.

कागद तपासायचा क्रम असा. आधी गाव आणि सर्व्हे नंबर मागा आणि महाभूलेखच्या संकेतस्थळावर सातबारा स्वतः काढा. दलालाने दिलेली झेरॉक्स बघून समाधान मानू नका. ‘इतर अधिकार’ हा रकाना सावकाश वाचा. तिथे आदिवासी खातेदार, वन, सरकार, ‘नवीन शर्त’ किंवा कुळाची नोंद दिसली तर थांबा आणि वकिलाकडे जा. आदिवासींची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला घेता येत नाही, आणि पूर्वेच्या पट्ट्यातल्या कित्येक चाळी अशाच जमिनींवर आहेत. मग बिगरशेतीचा आदेश, मग बांधकाम परवानगी, मग भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला. इथे 1990 पासून 2010 पर्यंत सिडको ही नियोजन यंत्रणा होती, त्यामुळे जुन्या परवानग्या सिडकोच्या असतात आणि त्यांच्या क्रमांकात ‘व्हीव्हीएसआर’ ही वसई-विरार उपप्रदेशाची अक्षरं येतात. त्यानंतरच्या परवानग्या महापालिकेच्या नगररचना विभागाच्या. 2015 साली बांधायला घेतलेल्या इमारतीला सिडकोची परवानगी दाखवत असतील तर तारीख पुन्हा वाचा.

पण शिक्का खरा दिसतो म्हणून कागद खरा असतो असं नाही. बनावट शिक्के, बनावट सही आणि खऱ्या दुसऱ्याच इमारतीचा परवानगी क्रमांक वापरून तयार केलेली प्रमाणपत्रं इथे पोलिसांनी पकडली आहेत, आणि त्या कागदांवर दस्त नोंदणीही झाली होती, कर्जंही मिळाली होती. म्हणून शेवटची पायरी टाळू नका: परवानगीचा क्रमांक, तारीख, गाव, सर्व्हे नंबर आणि मजल्यांची संख्या लिहून महापालिकेच्या विरारमधल्या मुख्यालयात नगररचना विभागात अर्ज द्या आणि हा कागद तुमच्या दप्तरी आहे का ते लेखी विचारा. उत्तर येत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो आणि तीस दिवसांची मुदत असते. महिनाभर थांबायला बिल्डर तयार नसेल, ‘आज टोकन नाही दिलं तर उद्या भाव वाढेल’ म्हणत असेल, तर तो व्यवहार सोडून द्या. मजले नक्की मोजा. परवानगी तळ अधिक तीन मजल्यांची आणि इमारत पाच मजली, हा प्रकार फार जुना आहे. तुमचा फ्लॅट वरच्या दोन मजल्यांपैकी असेल तर कागद असूनही नसल्यासारखाच. नवा प्रकल्प असेल तर महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर तोच सर्व्हे नंबर आणि तेवढेच मजले नोंदलेले आहेत का ते जुळवा.

राष्ट्रीयीकृत बँका कर्ज नाकारतायत आणि बिल्डर स्वतःच हप्ते करून देतोय, किंवा फक्त नोटरीवर घर ‘नावावर’ करून देतोय, ही दोन्ही लक्षणं धोक्याची. आणि बुलेट ट्रेन, विरार-अलिबाग मार्ग, नवे पूल यांच्या नावाने वाढवलेला भाव देऊ नका. आज त्या दारातून स्टेशनला जायला किती वेळ लागतो, एवढ्याच गोष्टीला पैसे मोजा.

भाड्याने घेताना

आधी वर्षभर भाड्याने राहून बघणं हा इथला सगळ्यात शहाणा मार्ग, कारण एक पावसाळा आणि एक मे महिना हातात येतो. करारनामा मात्र नोंदणीकृतच करा. ‘नोटरी चालते, सगळे करतात’ हे जागोजागी ऐकायला मिळेल. कायद्याने नोंदणी सक्तीची आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. दहा हजार भाडं, पन्नास हजार अनामत आणि अकरा महिने धरले तर मुद्रांक शुल्क तीनशे रुपयांच्या आत येतं, कारण दर पाव टक्का आहे आणि अनामतीवर फक्त दहा टक्के वार्षिक व्याज धरतात. नोंदणी शुल्क हजार रुपये. बाकी पैसे एजंट घेतो ते घरी येऊन अंगठे घेण्याचे. भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन देता येते. तीही मालकाकडून करून घ्या. हे शहर 1 ऑक्टोबर 2020 पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयात आहे, ठाणे किंवा मुंबई पोलिसांकडे नाही. तातडीसाठी 112.

पहिल्या महिन्यातली कामं

वीज महावितरणची. मुंबईहून येणाऱ्यांना अदानी-बेस्टची सवय असते, म्हणून सांगणं. ग्राहक क्रमांक घेऊन ॲपवर नोंद करा, वीज गेली तर 1912. मागच्या मालकाची थकबाकी नाही ना हे चावी घेण्याआधी बघा आणि घर विकत घेतलं असेल तर मीटर नावावर करून घ्या. पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा इन्व्हर्टर आणि पाण्याचा एक भरलेला पिंप ठेवावा. वीज गेली की पंपही बंद होतो. पाइप गॅस जिथे आहे तिथे गुजरात गॅसचा, बाकी सिलिंडर.

पिनकोड चुकला तर पार्सल दुसऱ्या स्टेशनवर जातं. वसई गाव 401201, वसई रोड पश्चिम 401202, सोपारा आणि नालासोपारा पश्चिम 401203, वसई आणि नायगाव पूर्व 401208, नालासोपारा पूर्व 401209, विरार पश्चिम 401303, विरार पूर्व 401305. जिल्हा 1 ऑगस्ट 2014 पासून पालघर आहे. जुन्या कागदांवर ठाणे असतं. नवे अर्ज भरताना पालघर, तालुका वसई असं लिहा. वाहनांचा क्रमांक एमएच 48. मतदार यादीत नाव हलवायला फॉर्म 8. विधानसभेचे मतदारसंघ नालासोपारा, वसई आणि पूर्वेच्या काही भागांसाठी बोईसर. जन्म-मृत्यू दाखला, घरपट्टी, विवाह नोंदणी ही कामं तुमच्या प्रभाग समितीच्या कार्यालयात होतात, अशा नऊ समित्या आहेत. मुख्यालयात हेलपाटा घालायच्या आधी आपला प्रभाग विचारून घ्या.

शाळेत प्रवेश घेताना 11 अंकी यूडायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी नोंदीतला क्रमांक मागा. वसई तालुक्यात विनापरवाना शाळांची यादी दर वर्षी निघते आणि दहावीच्या उंबरठ्यावर मुलाची अडचण होते. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळा शहरातही आहेत, आणि चांगले शिक्षक असलेल्या शाळेची चौकशी जरूर करावी.

ज्यांच्या गावात आपण राहायला आलो

स्टेशनच्या पट्ट्यात आज उत्तर भारतीय, गुजराती, राजस्थानी, मलयाळी, कोकणी, घाटावरची, मराठवाड्यातली माणसं शेजारी-शेजारी राहतात. पण पश्चिमेच्या गावांत गेलात की जुनी वसई भेटते: सामवेदी ब्राह्मण आणि सामवेदी ख्रिस्ती म्हणजे कुपारी, वाडवळ, कोळी, आगरी, भंडारी, ईस्ट इंडियन म्हणवणारे इथले जुने ख्रिस्ती, आणि पूर्वेच्या डोंगरपायथ्याला वारली आणि कातकरी. सोपाऱ्यात जुनी मुस्लिम वस्ती. लोपीस, तुस्कानो, डाबरे, डिमेलो, आल्मेडा ही आडनावं ऐकून इंग्रजी किंवा हिंदी सुरू करू नका. या माणसांची भाषा मराठी आहे. घरात कादोडी ही बोली बोलतील, चर्चमधली प्रार्थना मराठीत होते. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, आणि इथली हिरवाई बांधकामांपासून वाचवण्यासाठी झालेल्या हरित वसईच्या चळवळीतही ते पुढे होते. ती चळवळ समजून घ्या, म्हणजे एखाद्या गावात नव्या टॉवरबद्दल लोक सावध का बोलतात ते कळेल.

गावात रस्ता अरुंद आणि दोन्ही बाजूंना वाडी. वाडीच्या कडेला हिरवं पाणी असलेलं, पायऱ्या उतरलेलं एखादं तळं दिसेल. ते बावखल. पावसाचं गोडं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, आजूबाजूच्या विहिरी गोड राहतात आणि समुद्राचं खारं पाणी आत सरकत नाही. केळी, पानवेली, मोगरा, भाजी या पाण्यावर पिकते. त्यात निर्माल्य, प्लास्टिक, बांधकामाचा राडारोडा टाकू नका आणि कोणी टाकताना दिसला तर थांबवा. भरलेलं बावखल परत मिळत नाही, आणि त्या गल्लीतली पुढची विहीर काही वर्षांत मचूळ होते.

सण-जत्रांचा रस्त्यावर परिणाम होतो. नवरात्रात विरार पूर्वेला जीवदानी देवीच्या डोंगराच्या पायथ्याशी वाहन नेऊ नका. कार्तिक वद्य एकादशीपासून निर्मळची जत्रा असते, तेव्हा सोपारा-निर्मळ रस्ता भरलेला असतो. जा, पण बसने. नाताळात पश्चिमेच्या गावांतले गोठे, म्हणजे येशूजन्माचे देखावे बघायला संध्याकाळी चालत फिरावं. दिवाळीत जूचंद्रला रांगोळ्या बघायला जा, त्या गावातले रांगोळी कलाकार नावाजलेले आहेत.

समुद्र जवळ आहे म्हणून मुलांना घेऊन लगेच पाण्यात उतरू नका. राजोडी, कळंब, भुईगाव, अर्नाळा इथे पावसाळ्यात आणि ओहोटी लागताना ओढ जबरदस्त असते आणि दर वर्षी बुडून मृत्यू होतात. चिंचोटीच्या धबधब्यावर पावसाळ्यात बंदी आदेश निघतो, तो त्याच कारणाने.

मासळी घ्यायची तर नायगाव कोळीवाडा, पाचूबंदर, अर्नाळा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, त्या दिवसांत ‘ताजं’ म्हणून मिळतं ते बहुतेक बर्फातलं. त्याआधी मे महिन्यात पापडीच्या शुक्रवारच्या बाजारात सुके बोंबील आणि सोडे भरून ठेवतात. बोंबील हातात घेऊन मोडून बघा. कट्‌ आवाज करून तुटला तर पुरता वाळलाय. वाकला तर पाऊस लागताच त्याला बुरशी येईल. आगाशीला गेलात तर भुजिंग खा, कोळशावर भाजलेली कोंबडी आणि पोहे एकत्र. आणि हिवाळ्यात सुकेळी मागा. राजेळी केळी पिकवून, सोलून, कित्येक दिवस उन्हात वाळवलेली, सुक्या पानांत गुंडाळून दोऱ्याने घट्ट बांधलेली. बांधणी थोडी उसवून वास घ्यायला मागितलं तर विकणारी मावशी नाही म्हणत नाही. मधासारखा वास आणि गडद तपकिरी रंग असला तर चांगली. आंबूस वास आला तर पुढच्या टोपलीकडे जा.